लॅमिंग्टन रोड आणि पासष्ट हजार

पहिलं गेमिंग मशीन, हातात मोजके पैसे आणि मुंबईतला सगळ्यात गजबजलेला कम्प्युटर बाजार. सोबतीला... बाबा!

"किसके लिए चाहिए मॅडम? भाई के लिए?"

लॅमिंग्टन रोडवर येऊन अर्धा तास झाला होता आणि हा प्रश्न तिसऱ्यांदा आला. पहिल्या दुकानात मी नुसती हसले. दुसऱ्या दुकानात 'नाही, माझ्यासाठीच' असं नीट सांगितलं. तिसऱ्या दुकानात मात्र डोकं सटकलं. "माझ्यासाठी. गेम खेळायला!" काउंटरमागच्या मुलानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या झोळीकडे, आणि आतून एक गुलाबी माउस काढून काचेवर ठेवला.

आता बोला!

तर झालं असं, की एका क्लायंटनं चार महिने लटकवलेलं पेमेंट जुलै २०२५ मध्ये अचानक अकाउंटला आलं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत. शहाण्या माणसानं अशा वेळी एफडी करावी. मीही शहाण्यासारखी एक्सेल शीट उघडली. घरात द्यायचे पैसे, एसआयपी, आईच्या चष्म्याचे पैसे, सगळं बाजूला काढलं आणि खाली उरलेल्या आकड्याकडे बघत बसले. पासष्ट हजार. त्याच्यासमोर टाइप केलं, 'गेमिंग पीसी'. मग डिलीट केलं. मग परत टाइप केलं.

तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षांच्या बाईला हे काय सुचलं? सुचलं नाही, राहून गेलं होतं. आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपयेवाला. खुर्चीवर मुलं बसायची आणि मी मागे उभी राहून 'डावीकडे बघ, डावीकडे!' असं ओरडायचे. माझा नंबर कधी आलाच नाही. घरी कम्प्युटर होता, पण त्याची गोष्ट वेगळी. ती पुढे येईलच.

नाव एक, ओळख दुसरी

या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला मिळालं आणि ते लोकांच्या तोंडून काही गेलं नाही. ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेला उतरलात तर भाजी गल्ली, पूर्वेला उतरलात तर थोडं चालून लॅमिंग्टन रोड. एकीकडे मेथीच्या जुड्या, दुसरीकडे मदरबोर्ड. मधे फक्त रेल्वेचा पूल.

आधीच्या पिढ्यांसाठी हा रस्ता म्हणजे सिनेमाची गल्ली. १९७५ साली आलेला 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला तो इथल्याच मिनर्व्हात. नाझच्या इमारतीत डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं होती, शुक्रवारी कुठला पिक्चर पडला आणि कुठला उचलला हे तिथे आधी कळायचं. मिनर्व्हाचं आता नावच उरलंय. फुटपाथवर मात्र गर्दी तशीच आहे, फक्त पोस्टरवर हिरोच्या जागी ग्राफिक्स कार्ड आलंय.

रस्त्याचा एक स्वभाव आहे, तो दोन फेऱ्यांत कळतो. दर्शनी भागात चकाचक दुकानं, काचेत रंग बदलणारे पंखे लावलेली कॅबिनेट्स. त्यांच्या शेजारी, जिन्याखाली, पोटमाळ्यावर हातभर रुंदीचे गाळे. तिथे कॅपॅसिटर, आयसी, सोल्डरिंग गन, वायरीची भेंडोळी. इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या पार्ट्सची यादी घेऊन फिरत असतात. कॅमेरे, स्पीकर, रिमोट, टीव्हीचे पॅनल, काय म्हणाल ते. हातगाडीवर मॉनिटरचे खोके एकावर एक रचलेले आणि 'साइड, साइड' म्हणत त्यातून वाट काढणारे हमाल. जुलै असल्यामुळे वरून पाऊस, खाली चिखल आणि प्रत्येक खोक्यावर निळं प्लास्टिक.

फेरी पहिली : मी एकटी

पहिल्या दिवशी मी काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरवून गेले होते. फक्त कोटेशन गोळा करायची. इथली ही पद्धत मला जाम आवडते. तुम्ही बजेट सांगायचं, समोरचा लेटरहेडच्या पॅडवर सरसर पार्ट्स आणि भाव लिहितो, खाली बेरीज करतो आणि कागद फाडून हातात देतो. सहा दुकानं, सहा कागद. घरी येऊन ते गादीवर पसरले की कोण तुम्हाला काय समजला ते लख्ख दिसतं.

एकानं मला सरळ 'आय सेव्हन गेमिंग' म्हणून तयार मशीन दाखवलं. इंद्रधनुष्यासारखे दिवे, किंमत माझ्या बजेटच्या निम्मी. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारला तर निघाला आय७-३७७०. म्हणजे २०१२ चा माल! नुसतं 'आय सेव्हन' म्हणणं म्हणजे 'गाडी होंडाची आहे' म्हणण्यासारखं. कुठली, कधीची, ते पुढचे आकडे सांगतात. २०२२ मध्ये आलेला आय५-१२४००एफ त्या म्हाताऱ्या आय सेव्हनला आरामात मागे टाकतो.

दुसऱ्यानं 'चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड' पुढे केलं. खोक्यावर ड्रॅगन, आत जीटी ७३०. हे मॉडेल २०१४ चं. त्यावर चार जीबी मेमरी लावली म्हणून ते धावायला लागत नाही. छोट्या इंजिनाला मोठी टाकी बसवण्यातला प्रकार.

तिसऱ्याच्या यादीत सगळं छान होतं, फक्त एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, कॅबिनेटसोबत 'फ्री' होता. त्याचं काय ते पुढे सांगते.

चौथा गृहस्थ मात्र वेगळा निघाला. केस पांढरे, चष्मा दोरीला. त्यानं पेन उचलायच्या आधी विचारलं, "मॉनिटर कौनसा है?" मी म्हटलं, नाहीये, तोही घ्यायचाय. "तो पहले वो बोलो. बाकी सब उसके पीछे."

हा खरा फंडा! आपण कार्डापासून सुरुवात करतो आणि पडदा शेवटी उरल्यासुरल्या पैशांत घेतो. पण मॉनिटर सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलत असेल तर कार्डानं शंभर फ्रेम्स काढून उपयोग काय? आणि साध्या फुल एचडीऐवजी १४४०पीचा पडदा घेतलात, तर कार्डाला दर फ्रेमला जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. म्हणजे कार्ड मोठं, एसएमपीएस मोठा, बिल मोठं. मी चोवीस इंची, फुल एचडी, १८० हर्ट्झचा मॉनिटर ठरवला आणि पुढची अर्धी यादी आपोआप ठरली.

त्यानं लिहून दिलं ते असं : रायझन ५ ५६०० प्रोसेसर ९,८००. बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड ८,७००. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,९००. आरटीएक्स ४०६० कार्ड २७,५००. एक टीबीचा एसएसडी ५,०००. ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगवाला एसएमपीएस ३,९००. कॅबिनेट ३,४००. मॉनिटर ९,६००. टोटल ७१,८००.

माझ्याकडे ६५,०००. झाली का पंचाईत?

फेरी दुसरी : बाबा

"शनिवारी मी येतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"काही नाही. बॅग धरीन."

आता ती मघाची गोष्ट. २००६ साली बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून घरात पहिला कम्प्युटर आणला, तो याच रस्त्यावरून. मी नऊ वर्षांची, त्यांचं बोट धरून. असेंबल्ड मशीन, सतरा इंची डबडा मॉनिटर, चोवीस हजार. तेव्हाही असाच हातानं लिहिलेला कागद होता आणि शेवटून दुसरी ओळ होती ग्राफिक्स कार्डाची. बाबांनी विचारलं, "अभ्यासाला लागतं का हे?" दुकानदार प्रामाणिक होता. नाही म्हणाला. बाबांनी खिशातलं पेन काढून त्या ओळीवर रेघ मारली. मैत्रिणीच्या दादाकडून आणलेली 'नीड फॉर स्पीड'ची सीडी त्या मशीनवर लावली, तेव्हा गाडी स्लाइड शोसारखी चालली. एक फोटो, मग दुसरा फोटो. मी तक्रार केली नाही. कर्जाचे हप्ते काय असतात हे आमच्या घरात लहानपणीच कळायचं.

तर शनिवारी आम्ही दोघं दादरला बदलून, स्लो पकडून ग्रँट रोडला. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर पोचल्यावर त्यांची नजर पहिली कुठे गेली असेल? डोक्यावर लोंबणाऱ्या वायरींच्या जाळ्याकडे! "कोणी ओढल्यात ह्या?" म्हणत पाच मिनिटं मान वर करून उभे. मागून हमाल 'साइड, साइड'.

पांढऱ्या केसांच्या शेठजींचं दुकान. आम्ही बसलो, चहा आला आणि शेठजींचा मुलगा सगळं बाबांना समजावायला लागला. अंकल, यह देखिए, अंकल, इसमें ऐसा है... मी बाजूलाच. यादी माझ्या हातात, पैसे माझ्या अकाउंटमध्ये. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला विचारा. मशीन तिचं आहे. मी बॅग धरायला आलोय."

मुलगा गप्प. शेठजींनी मिशीत हसून कागद माझ्याकडे सरकवला.

आता सहा हजार आठशे कुठून कापायचे? मुलानं लगेच सुचवलं, एसएमपीएस साधा घ्या, कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो, चार हजार वाचले. मी काही बोलायच्या आत बाबा पुढे सरकले. "सप्लाय स्वस्त घ्यायचा नाही." बाकी यादीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण या एका ओळीवर त्यांचं आयुष्य गेलंय. "डब्यावर वाट्टेल तेवढे वॅट छापतात. लोड आला की कळतं. हा गेला तर एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो." शेठजींनी मान डोलावली. पहिल्यांदाच दोन म्हाताऱ्यांचं एकमत!

मग पुढची ओळ. प्रोसेसर? तो ठेवला. सहा कोअर, बारा थ्रेड, मध्यम गेमिंगला पुरेसे. खोक्यात कूलर येतो, म्हणजे त्याचा खर्च नाही. एएम४ सॉकेट जुना होत चाललाय, हे खरं. नवा एएम५ घेतला तर पुढे अपग्रेडचा रस्ता लांब, पण बोर्ड महाग आणि रॅम डीडीआर५च लागते. माझ्या बजेटात ते केलं असतं तर कार्डाचा बळी गेला असता. आणि गेमिंग मशीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा कार्डालाच द्यावा लागतो.

बोर्ड? शेठजी म्हणाले, बी४५०चा घ्या, स्वस्त पडेल. पण त्यावर पीसीआय एक्सप्रेसची जुनी, तिसरी पिढी. आणि या रेंजमधली कार्डं आठच लेन वापरतात. रस्ता अरुंद आणि वर वेगमर्यादा कमी! नको.

उरलं कार्ड. इथे माझं पेन थांबलं. आरटीएक्स ४०६० २७,५००, आरएक्स ७६०० २३,५००. दोन्हींवर आठ जीबी मेमरी. साध्या गेमिंगमध्ये दोघांत फरक थोडा. रे ट्रेसिंगचा झगमगाट आणि डीएलएसएसची करामत हवी तर ४०६०, शिवाय ती वीजही कमी खाते, ११५ वॅट. ७६०० खाते १६५. पण ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला दोन्ही झेपतात. चार हजारांचा फरक मला झगमगाटासाठी द्यायचा होता का?

"वरचे मी देतो," बाबा हळूच म्हणाले. "पेन्शन झालीय."

खरं सांगू? क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण हे मशीन मला माझ्या पैशांत बसवायचं होतं. चार महिने मेल टाकून टाकून मिळवलेले पैसे होते ते. मी नाही म्हटलं आणि आरटीएक्सच्या ओळीवर रेघ मारली.

"अगं, ते काढू नकोस!" बाबा एकदम मोठ्यानं म्हणाले. दुकानातली दोन-तीन डोकी वळली. "बाकी काय ते काढ. कार्ड राहू दे."

म्हणजे त्यांना आठवत होतं! एकोणीस वर्षं. कधी एका शब्दानं बोलले नव्हते.

"काढत नाहीये, बाबा. बदलतेय."

मी खाली लिहिलं, आरएक्स ७६००. वाचले चार हजार. एक टीबीऐवजी ५०० जीबीचा एसएसडी, एकोणीसशे वाचले. तो नंतर कधीही वाढवता येतो, बोर्डावर दुसरी जागा आहे. कॅबिनेट दिवे नसलेलं, पुढे जाळी असलेलं, २,८०० चं. बेरीज आली ६५,३००. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या आईबरोबर भाजी आणल्याचा अनुभव वापरून एकच वाक्य बोलले, "राऊंड फिगर करा ना शेठ." झालं! पासष्ट हजार, पक्क्या बिलासकट.

आणि मग काळा पडदा

दुकानवाले असेंबल करून देत होते. मी नको म्हटलं. पहिलं मशीन आहे, स्क्रू मीच लावणार! रविवारी हॉलमध्ये चादर पसरली. प्रोसेसरचा त्रिकोण बोर्डाच्या त्रिकोणाला जुळवला. रॅम एक सोडून एक स्लॉटमध्ये, म्हणजे दोन्ही एकदम कामाला लागतात. कूलरचे स्क्रू आलटूनपालटून तिरके आवळले. बाबा टॉर्च धरून. चार तास लागले. आईनं दोनदा विचारलं, "जेवायला या चादरीवरच बसायचंय का?"

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

परत दाबलं. काळाच. पोटात गोळा आला. पासष्ट हजार, आणि असेंबली नको म्हणून मीच मिजास केलेली. रॅम काढून परत बसवली. कार्ड काढून परत बसवलं. शेवटी लाज सोडून सोमवारी दुकान उघडताच शेठजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "ताई, मॉनिटर की केबल कहां लगाई?"

मी मागे वाकून बघितलं. केबल मदरबोर्डात. आणि रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच! म्हणजे त्या भोकातून चित्र कधी येणारच नव्हतं. केबल चार बोटं खाली, कार्डात लावली आणि पडदा उजळला. माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही. पण फोन ठेवताना लक्षात आलं, की शेठजींनी मला मॅडमवरून ताईवर आणलंय.

पहिला गेम कुठला टाकला? 'विचर'साठी एवढा खटाटोप केला होता, पण डाउनलोड व्हायला रात्र लागणार होती. म्हणून आधी 'राजी' टाकला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२० चा. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी. त्याला एवढं कार्ड लागतही नाही. असू दे.

खुर्चीत मी बसले. बाबा मागे उभे राहिले, हातात अजून टॉर्च. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग पडद्यावर बाजूनं एक राक्षस आला आणि माझ्या कानाशी आवाज आला,

"डावीकडे बघ, अगं डावीकडे!"

निघण्याआधी एवढं बघा

कसं जाल : पश्चिम रेल्वेचं ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेला बाहेर. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३चं ग्रँट रोड स्टेशनही सुरू झालंय. रविवारी बहुतेक दुकानं बंद. सकाळी अकरानंतर, शक्यतो मधल्या वारी जा.

भाव : वरचे आकडे जुलै २०२५ चे, माझ्या बिलावरचे. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे जगभर रॅमचे भाव भडकले. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी रॅम आणि एसएसडीचे भाव बघून मगच बाकीची यादी करा. ऑनलाइन भाव फोनवर उघडे ठेवा, काही वस्तू तिथे स्वस्त पडतात.

क्रम : आधी मॉनिटर, मग कार्ड, मग प्रोसेसर आणि बोर्ड. एसएमपीएसवर तडजोड नाही. दिवे सगळ्यात शेवटी.

बिल : कच्च्या बिलाच्या मोहात पडू नका. वॉरंटीला जीएसटीचं पक्कं बिलच कामाला येतं. खोक्यावरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

विसरू नका : विंडोजच्या लायसन्सचे पैसे वेगळे धरा. मी ते पुढच्या पेमेंटवर ढकललंय. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं चालत राहते. आणि मॉनिटरची केबल... कार्डात!